आधी १९३० लावा, मग रडा

हे वाचत असताना मोबाइल वाजला, खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज आला आणि ते पैसे तुम्ही काढलेले नसतील, तर पुढचं वाचू नका. कागद खाली ठेवा आणि १९३० लावा. लेख कुठे पळून जात नाही, पैसे पळतात.

बाकीच्यांनी मात्र दहा मिनिटं काढून शेवटपर्यंत वाचावं, अशी कळकळीची विनंती आहे. मी एकतीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत एकच दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं. सोमवारी सकाळी शटर वर जायचं आणि पहिलाच माणूस प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक गुंडाळून उभा असायचा. ‘साहेब, शुक्रवारी पैसे गेले.’ शुक्रवारी गेले आणि सोमवारी आलात? तर शनिवार दुसरा होता, रविवारी सुट्टी, मुलगा पुण्याहून येणार होता, म्हटलं त्याला विचारून काय ते करू. मग जरा घुटमळून, आजूबाजूला बघून, खरं कारण बाहेर यायचं: ‘घरात अजून सांगितलेलं नाही.’

पैसे चोरीला गेले की दोन घड्याळं एकदम चालू होतात. एक चोराचं, दुसरं बँकेचं. चोराचं मिनिटांवर चालतं. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही. बँकेचं कामकाजाच्या दिवसांवर चालतं. पिशवी घेऊन आलेली ही माणसं बँकेचं घड्याळ बघून चोराच्या वेळेचा हिशेब करत होती.

आधी चोराचं घड्याळ बघू. तुमच्या खात्यातून निघालेली रक्कम कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात पडते. तिथून तिचे तुकडे होऊन चार खात्यांत, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून नोटा होऊन बाहेर. एकदा रोख झाली की मागे धावण्यासारखं फार काही उरत नाही. तोपर्यंत मात्र ती कुठल्या ना कुठल्या बँकेच्या पुस्तकात असते आणि तिथेच अडवता येते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये एवढ्यासाठीच देशभराची यंत्रणा उभी केली. तेव्हा तिचा नंबर १५५२६० होता, आता १९३० आहे. तुम्ही फोन केलात की तक्रार त्या यंत्रणेत नोंदली जाते, तुमच्या बँकेला जाते आणि पैसे जिथे गेले त्या बँकेलाही जाते. तिथे ते अजून पडून असतील तर गोठवले जातात. पुढे सरकले असतील तर तक्रार त्यांच्या मागोमाग पुढच्या बँकेकडे सरकते.

फोनवर काय विचारतात? तुमचं नाव, मोबाइल, बँक, खाते क्रमांक, किती पैसे गेले, केव्हा गेले आणि व्यवहार क्रमांक. यूपीआयचा व्यवहार असेल तर मेसेजमध्ये किंवा ॲपमध्ये बारा आकडी क्रमांक सापडतो. म्हणून तो मेसेज पुसू नका. लोक घाबरून किंवा वैतागून फोनच साफ करून टाकतात आणि मग आमच्यासमोर मोकळा फोन ठेवतात. लाइन व्यस्त लागली तर लावत राहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरायला बसवा. फोन लागला तरी तिथे रीतसर तक्रार पूर्ण करावीच लागते, तीही चोवीस तासांच्या आत. मिळालेला पोच क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

१९३० झाल्या झाल्या, त्याच दमात, बँक. एटीएम कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय, सगळं बंद करायला सांगायचं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकावर असतो. तो गुगलवर शोधू नका. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण ‘कस्टमर केअर’ म्हणून गुगलवर पेरलेल्या खोट्या नंबरांवर फोन करून उरलेलं खातंही रिकामं करून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. एखादी अनोळखी फाइल उघडल्यावर हे सुरू झालं असेल, म्हणजे ‘तुमच्या गाडीचं चलान’, ‘लग्नपत्रिका’, ‘किसान योजनेची यादी’ अशा नावाने व्हॉट्सॲपवर आलेली, शेवटी एपीके असलेली फाइल, तर त्या मोबाइलचं इंटरनेट आधी तोडा आणि सगळे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. तुमच्या मोबाइलवर येणारा ओटीपी तुमच्याआधी चोर वाचत असतो.

आता बँकेचं घड्याळ. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं: खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कुणी सोसायचं, याचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसंच परिपत्रक गेलं. नोकरीत असताना ते मी कितीदा वाचलं याची गणती नाही. त्याची माहिती असलेला खातेदार मात्र काउंटरवर क्वचितच भेटला.

चूक बँकेची असेल तर तुमचं नुकसान शून्य, मग तुम्ही केव्हाही कळवा. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी मध्ये हात मारलाय, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तरी तुमचं नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. शुक्रवारी रात्री आला, शनिवार दुसरा, मग रविवार. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार हे तुमचे तीन दिवस. चौथ्या ते सातव्या दिवसात गेलात तर थोडं तुमच्या अंगावर येतं: साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, शून्य शिलकीच्या मूलभूत खात्याला ५,०००. सात दिवस उलटले की बँकेच्या संचालक मंडळाचं धोरण काय म्हणेल ते.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यात जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. आणि ज्या वाक्यासाठी मी हे सगळं सांगतोय ते असं: चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. ‘तुम्हीच कुणाला तरी ओटीपी दिला असणार’ असं काउंटरवरून कुणी म्हणालं तर शांतपणे म्हणा, ‘तसं लेखी द्या.’

खरोखरच ओटीपी दिला असेल तर? तिथे नियम कडक आहे, माझ्या मते जरा जास्तच कडक. तुमच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे ज्याच्या हातून चूक झाली त्याला तर घाई सगळ्यात जास्त करायला हवी. प्रत्यक्षात तोच सगळ्यात उशिरा येतो, कारण त्याला लाज वाटते. आमच्याकडे एक गणिताचे निवृत्त शिक्षक आले होते. चार दिवस कुणाला काही बोलले नव्हते. पहिल्या दिवशी गेले तीस हजार. राहिलेले पावणेदोन लाख पुढच्या तीन दिवसांत हप्त्याहप्त्याने गेले, खातं उघडंच होतं म्हणून. गुरुजींच्या जागी अडाणी माणूस असता तर पहिल्याच दिवशी बोंब ठोकली असती आणि ती कामाला आली असती.

न्यायालयं या नियमाकडे कसं बघतात, तेही ऐकून ठेवा. मुंबईतल्या एका कंपनीच्या खात्यातून १ ऑक्टोबर २०२२ रोजी ७६ लाख ९० हजार रुपये गेले. ज्यांना पैसे गेले त्यांची नावं खात्याला जोडली गेली, पण त्यासाठीचा ओटीपी कंपनीकडे आलाच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये याच २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवून बँकेला पैसे परत करायला लावले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामातल्या एका खातेदाराच्या ९४,२०४ रुपयांसाठी गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. तो गृहस्थ ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायला गेला आणि खोट्या कस्टमर केअरच्या जाळ्यात सापडला होता. त्याने बँकेला कळवलं ते चोवीस तासांच्या आत, आणि न्यायालयाने ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेतली.

‘पण बँकेची चूक कशी असेल?’ असं विचारणारे भेटतात. पुण्यातली कॉसमॉस बँक आठवा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८. बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसून चोरांनी बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे उपसले, आमच्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही. त्या दोन दिवसांत बँकेचे एकूण ९४ कोटींच्या वर गेले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं. त्यात एकाही खातेदाराने कुणाला ओटीपी सांगितला नव्हता.

एवढं सगळं मोबाइलवर मेसेज येणाऱ्यांसाठी झालं. ज्यांना मेसेजच येत नाही त्यांचं काय? इथे मला जरा थांबायचंय.

निवृत्तीनंतर आमच्या शेजारच्या वाडीतल्या एक मावशी पासबुक घेऊन घरी आल्या. दोन म्हशी, दर दहा दिवसांनी दुधाचं बिल खात्यात. पासबुक भरून घेतलं तर तीन ओळी अनोळखी: दहा हजार, दहा हजार आणि साडेनऊ हजार, तीन वेगवेगळ्या तारखांना. पुढे इंग्रजीत ‘एईपीएस’. मावशींनी एटीएम कार्ड कधी घेतलंच नव्हतं, साधा फोनसुद्धा नातवाचा. पैसे गेले होते अंगठ्याने. आधार आणि बोट, एवढ्यावर बँक मित्राच्या छोट्या यंत्रातून पैसे निघतात. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. गावात बँक नाही तिथे ही सोय मोलाची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उतरवून, सिलिकॉनचे खोटे अंगठे करून या सोयीतून पैसे काढल्याचे गुन्हे अनेक राज्यांत उघड झाले आहेत. मावशींचा अंगठा कुठून गेला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी दोन वर्षांपूर्वी वाटणीपत्रावर अंगठे दिले होते, इतकंच.

मेसेज का आला नाही, ते मात्र दहा मिनिटांत कळलं. खात्याला नंबर होता नवऱ्याचा. ते जाऊन तीन वर्षं झाली होती, सिम केव्हाच बंद. बावीस दिवस कुणाला पत्ता नाही. शाखेत म्हणाले, सात दिवस उलटून गेलेत. आम्ही म्हणालो, दिवस मोजायचे ते मेसेज मिळाल्यापासून. मिळालाच नाही तर मोजायला कुठून सुरुवात करणार? पासबुकात नोंद पडली तो दिवस धरा. हे भांडण चार महिने चाललं. पैसे परत आले, पण मधल्या काळात एक म्हैस विकावी लागली.

म्हणून ज्यांच्या घरात असं एखादं खातं आहे त्यांनी या आठवड्यात तीन कामं करावीत. शाखेत जाऊन खात्याला चालू मोबाइल नंबर जोडावा, भले तो मुलाचा किंवा सुनेचा असो. आधारचं बायोमेट्रिक लॉक करावं. आधारच्या ॲपवर, आधारच्या संकेतस्थळावर किंवा आधार केंद्रात ते होतं, आणि स्वतःला अंगठा लावायचा असेल तेव्हा थोडा वेळ उघडता येतं. आणि पासबुक दर महिन्याला भरून घ्यावं.

पासबुक भरल्यावर प्रत्येक अनोळखी ओळ चोरीची नसते, हेही सांगून ठेवतो, नाहीतर शाखेतली पोरं माझ्या नावाने खडे फोडतील. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये गेले असतील तर तो जीवनज्योती विमा, २० रुपये गेले असतील तर सुरक्षा विमा. तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुणी फॉर्म भरला असणार. भरला नसेल तर ती वेगळी तक्रार, तीही करा. एटीएममधून नोटा आल्याच नाहीत आणि खात्यातून वजा झाल्या, तर तो बिघाड असतो. पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत; पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये द्यायचे असतात, आणि तेही न मागता. एक गैरसमजही काढून टाका: पाच लाखांपर्यंतच्या ठेवींचा विमा बँक बुडाली तर कामाला येतो, खात्यातून चोरी झाली तर नाही. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकार खात्याच्या कायद्याखाली येते, त्यामुळे वर सांगितलेलं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक तिला लागू होत नाही. तिथे पैसे ठेवणाऱ्यांनी संस्थेचे या बाबतीतले नियम आजच विचारून ठेवावेत.

शाखेने दाद दिली नाही तर? लेखी तक्रारीला ३० दिवस झाले आणि उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मावशींचं काम तिथेच मार्गी लागलं. मात्र ‘तुमचे गेलेले पैसे मी काढून देतो, आधी फी भरा’ असं म्हणणारा कुणीही भेटला, भले तो स्वतःला सायबर पोलिस म्हणवत असो, तर तो त्याच टोळीचा दुसरा माणूस समजा. एकदा फसलेल्यांच्या नंबरांच्या याद्या या लोकांत विकल्या जातात.

आता दोन शब्द वेगळ्या मंडळींना. कॉलेजातल्या पोरांनो, ‘खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो’ असं कुणी म्हणालं तर तुमचं पासबुक आणि सिम त्याच्या हातात देऊ नका. वर मी भाड्याचं खातं म्हटलं ते हेच. गुरुजींचे पैसे अशाच खात्यातून पळाले. पोलिस पहिले त्या खात्याच्या मालकाच्या दारात जातात, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांनो, काउंटरच्या आत बसलेल्यांनो, तुमच्यावर रांग किती असते, माणसं किती कमी आहेत, हे मला माहीत आहे. तरीही घाबरलेल्या माणसाला ‘आधी पोलिसात जाऊन या’ म्हणून परत पाठवू नका. त्याच्या खात्यावर रोख लावायला दोन मिनिटं लागतात. अर्जावर शिक्का मारायला तर तेवढीही नाही. शिक्का मारायला आपण का कचरतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे: शिक्का पडला की बँकेचं घड्याळ चालू होतं.

खातेदारहो, म्हणूनच तो शिक्का घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. खालचा मसुदा कापून पासबुकात ठेवा. दोन प्रती करायच्या: एक बँकेला, एक शिक्क्यासह तुमच्याकडे. ओटीपी सांगितला असेल तर तेही खरं खरं लिहा. खोटं लिहिलेलं पुढे उघड होतं आणि मग खरंही कुणी मानत नाही.

‘प्रति, शाखाधिकारी. विषय: माझ्या संमतीशिवाय खात्यातून रक्कम वजा झाल्याबाबत. महोदय, माझ्या खाते क्रमांक ........ मधून दिनांक ........ रोजी ........ वाजता रुपये ........ वजा झाले. व्यवहार क्रमांक ........ . हा व्यवहार मी केलेला नाही व कोणासही करण्यास सांगितलेला नाही. मला याची माहिती दिनांक ........ रोजी मिळाली. १९३० वर तक्रार नोंदवली असून तिचा क्रमांक ........ आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या सध्याच्या नियमांनुसार सदर रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी, खात्यावरील सर्व इलेक्ट्रॉनिक व्यवहार तूर्त बंद करावेत, आणि तक्रार क्रमांक देऊन या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ, सही व शिक्का घालून पोच द्यावी, ही विनंती.’